वाकळीची उलटी बाजू

इथे जमलेल्या माझ्या बहिणींनो, दत्तूभाऊ, आणि मागे दारापर्यंत उभ्या असलेल्या मंडळींनो,

आयुष्यभर मी वर्गात बोलत आले. दत्तूभाऊंची वंदना मला म्हणाली, "मॅडम, आत्याची सगळ्यात जुनी मैत्रीण तुम्हीच. दोन शब्द तुम्हीच बोला." मैत्रीण या शब्दाशीच मी अडले आहे.

माझ्याआधी तिघी बोलल्या. अक्का देवमाणूस होती, अक्कानं सगळ्यांना जीव लावला. खरं आहे ते. पण ऐकताना मला राहून राहून शंका येत होती. हे आपल्यापैकी कुणी अक्का जिवंत असताना तिला सांगितलं होतं का? मी तरी नव्हतं सांगितलं.

लेकीसुनांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. अनुसयाक्का लग्नानंतर चारच वर्षांत बिलोलीहून परत आली, इथे देगलूरला, भावाच्या म्हणजे दत्तूभाऊंच्या घरी. अंगावर कोड उठलं म्हणून सासरच्यांनी पाठवून दिलं. मग कितीतरी वर्षं भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं आणि पायात मोजे. आरशासमोर कधी उभी राहायची नाही.

आणि एक दिवस मी आले, तर ही ओसरीवर बाह्या वर सारून बसलेली. हातावर जुन्या धोतराचा तुकडा ताणून धरलेला, आणि पेन्सिलीनं डागाची कड गिरवणं चाललेलं.

"काय करून राहिलीस अक्का?"

"नकाशा काढून राहिले. ही मनगटावरची बिलोली. सासर आलं की टाका घट्ट घालते, पळून जाऊ नये म्हणून."

त्या आकाराचे पांढरे तुकडे तिनं काळ्या लुगड्यावर लावले. आपण बाया वाकळ कडेपासून आत शिवत जातो. अक्का डागापासून सुरू करायची आणि टाक्यांचे फेरे घालत बाहेर यायची. ती पहिली वाकळ पुरी झाली त्या दिवशी तिनं मोजे काढले. परत घातले नाहीत.

त्यानंतर ती घरोघर कापड मागत फिरू लागली. तुम्हाला आठवतं ना? "मला नेसलेलंच पाहिजे. अंगाचं." आणि आपण घाबरलो. अंगावरचं कापड दुसऱ्याच्या हाती देऊ नये, त्यावर करणी होते, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. त्यात मागणारी कोड असलेली बाई.

मी नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. करणीला मी हसले. हसले, आणि बाजारात जाऊन निळ्या फुलांचं कोरं कापड घेऊन आले. तीनदा धुतलं, दगडावर आपटलं, उन्हात विटवलं. मग अक्काला दिलं. म्हटलं, "घे, माझी जुनी साडी."

तिनं ते दोन बोटांत धरून चोळलं. म्हणाली, "लई जपून नेसलीस गं."

हे एवढंच वाक्य मी सहा वर्षं चघळते आहे. तिनं ओळखलं होतं का? तिच्या प्रत्येक नव्या वाकळीत मी माझी निळी फुलं शोधायचे. कधीच दिसली नाहीत. मग काय केलं असेल तिनं त्या कापडाचं? मी करणीला हसणारी बाई, पण मी तिच्या घरी चहा घेणं बंद केलं. उपवास आहे म्हणायचे. एकदा ती म्हणाली, "बुधवारी कसला उपवास गं? तुमच्या सिस्टरांनी शिकवला का?"

परवा वंदनानं अक्काचं अंथरूण-पांघरूण बाहेर काढलं. गेलेल्या माणसाचं पांघरूण आपण घरात ठेवत नाही. अक्का रोज पांघरायची ती वाकळ उद्या गावाबाहेर जाणार आहे. मी म्हटलं, एकदा बघू दे.

वरच्या बाजूला काळ्यावर पांढरा तिचा नकाशा. पण आमच्या शाळेत भरतकाम तपासताना सिस्टर आधी कापड उलटं करायच्या. सरळ बाजू कुणीही नीट करतं, म्हणायच्या. ती सवय हाताला राहिली. मी वाकळ उलटी केली.

तिथे माझी निळी फुलं होती. कडेला गिरणीचा शिक्का सुद्धा. एवढं धुतलं, आपटलं, पण तो कापायचा राहून गेला होता. अक्कानं तो दुमडून आत घातला नाही. दिसेल असा ठेवला. आणि माझं कापड एकटं नव्हतं. ती सगळी बाजू तशाच कोऱ्या कापडांची आहे. कुणाकुणाची ते मी सांगत नाही. तुमचे चेहरे मला इथून दिसतात.

मी वंदनाला विचारलं. ती म्हणाली, "हाव मॅडम. कोरी कापडं आत्या सगळी तिच्या ह्या पहिल्या वाकळीला खालून लावायची. म्हणायची, ही भ्यालेली कापडं हायेत, ह्यांना अंगाशी घ्यावं लागतंय."

सहा वर्षं ती बाजू तिच्या अंगाला लागत होती. माझं कापड आता मऊ झालंय. शिक्काही अर्धा पुसलाय. मी जे खोटंच जुनं केलं होतं, ते तिनं खरोखर जुनं केलं.

दत्तूभाऊ, माझं एक मागणं आहे. ही वाकळ उद्या टाकू नका. मला द्या. मी पांघरेन. तुमच्या मनात काय येतंय ते मला कळतं. जिला तिच्या हातचा चहा चालला नाही, ती तिचं पांघरूण घेणार? नेऊन माळ्यावर टाकून देईल. घ्या संशय. मलाही माझा भरवसा नाही, म्हणून तर चारचौघांत मागते आहे. येऊन बघत जा.

आता दोन मिनिटं शांत राहू या. वाकळ इथे सतरंजीवर उलटी पसरली आहे. आपापलं कापड ओळखा आणि त्यावर हात ठेवा. अशा वेळी डोळे मिटतात. मी मिटणार नाही. कोण हात ठेवतंय ते मला बघायचं आहे.

अक्का, आज बुधवार आहे. माझा उपवास नाही.