मो. रा. म्हणजे काय?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्य अभियंता साहेब, नगररचना विभागाच्या संचालक बाई, उद्यापासून नकाशाघराच्या किल्ल्या ज्यांच्या हाती जाणार आहेत ते माझे सहकारी, रविवारच्या शहरफेरीत माझ्यामागे उन्हातान्हात हिंडलेले नागरिक, चार वस्त्यांतून मुद्दाम आलेले रहिवासी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही दाराशी उभे असलेले बाइंडर भाऊ आणि वहिनी,

भाऊ, बसा हो. माझं बोलणं लांबतं हे साऱ्या शहराला ठाऊक आहे.

आत्ताच अध्यक्षांनी मानपत्र वाचून दाखवलं. भाषा सुंदर आहे. त्यात एक ओळ आहे: ‘ज्यांच्या नकाशावहीत एकतीस वर्षांत एकही चूक सापडली नाही.’ टाळ्या झाल्या. मी खाली मान घालून बसले. तुम्हाला तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता.

ज्या खोलीत मी ही वर्षं काढली तिला खिडकी नाही. ऊन लागलं की जुना कागद पिवळा पडतो, म्हणून विटा लावून ती बुजवली. दार फक्त बाहेरून उघडतं, नकाशे चोरीला जाऊ नयेत म्हणून. आतल्या माणसाने घंटा वाजवायची आणि शिपाई चहाला गेला असेल तर वाट बघायची. आमचे हे सहकारी पहिल्या दिवशी म्हणाले होते, “मॅडम, इथे नकाशे सांभाळतात की आपल्याला?” तेव्हा मी हसले होते. या आठवड्यात तो प्रश्न मला वेगळ्या अर्थाने कळला.

गेल्या मंगळवारी बाइंडर भाऊ आले. आपल्या कचेरीतल्या यच्चयावत वह्या, रजिस्टरं, नकाशे यांची बांधणी त्यांच्या गल्लीत होते. आधी त्यांचे वडील करायचे, आता ते करतात. हातात नोटीस होती: मोजणीच्या वेळी ही जागा मोकळी होती, नंतर अतिक्रमण झालं, चार आठवड्यांत गल्ली रिकामी करा.

ते म्हणाले, “ताई, आमची गल्ली दाखवा बरं तुमच्या पुस्तकात.”

मी पान एक्केचाळीस उघडलं. गल्लीच्या जागी एक पांढरा चौकोन, आणि त्यात माझ्या वळणदार अक्षरात दोन शब्द: मोकळे रान.

भाऊंनी चष्मा वर केला, खाली केला. “साठ वर्षं मी रानात झोपतोय होय? आणि आमची ही म्हणते, डास कुठून येतात!” मग त्यांनी वही उलटी करून पाठीवरून बोट फिरवलं. “शिलाई माझीच आहे. ही गाठ फक्त मी मारतो.”

मी पुसलेलं त्यांचं घर त्यांनी स्वतःच्याच हाताने शिवून दिलं होतं, आणि बांधणी चांगली झाली म्हणून मी त्यांचं कौतुकही केलं होतं!

ते गेल्यावर मी मोजणीदाराची मूळ वही काढली. तो भला माणूस आता हयात नाही. त्याने त्या चौकोनात दोनच अक्षरं लिहिली होती: मो. रा. आमच्या साहेबांनी तेव्हा हुकूम काढला होता की पक्क्या प्रतीत संक्षेप नकोत, सगळं पूर्ण लिहा. मी नवी होते. विचारलं तर लोक म्हणतील, हिला एवढंही येत नाही. मी विचारलं नाही. मोकळे रान, दुसरं काय असणार?

पण मागच्या पानावर त्याची पेन्सिलीतली टीप आहे. शब्दशः वाचते: ‘गल्लीत आडव्या दोऱ्यांवर कागद वाळत आहेत. मोजणीची साखळी टाकता येत नाही. लोक म्हणाले, चार दिवसांनी या. मोजणी राहिली.’

मोजणी राहिली. मो. रा.

तिथे माणसं होती, काम चालू होतं, आणि काम चालू होतं म्हणूनच मोजणी झाली नाही. तो चार दिवसांनी परत गेला नाही, आणि मी त्या गल्लीचं रान केलं. ज्यांना रान हवंच होतं त्यांना माझ्या दोन शब्दांनी मोकळं रान मिळालं. आणि सांगायला जीभ अडखळते, पण सांगते: मी रोज त्याच गल्लीतून कामावर येत होते. ते दोन शब्द लिहिले त्या सकाळीही माझ्या पदराला तिथली कागद चिकटवायची खळ लागलेली असणार. पण कागदावर गल्लीला नाव नव्हतं, क्रमांक होता. क्रमांकावरून मला ती ओळखू आली नाही.

रविवारच्या फेरीत मी तुम्हाला वेस दाखवली, घड्याळाचा मनोरा दाखवला, कोणत्या राजाने कोणता तलाव बांधला ते तावातावाने सांगितलं. बाइंडर गल्लीतून आपण किती वेळा गेलो? प्रत्येक वेळी! जवळचा रस्ता म्हणून. तिथे मी एकदा तरी थांबले का? या शहराने दोनशे वर्षांत जे जे लिहिलं, खटले, जन्मनोंदी, शाळेची पुस्तकं, ते सगळं त्या गल्लीने शिवून एकत्र ठेवलं. पानं सुटी होऊ दिली नाहीत. आणि इतिहास सांगणारी बाई तिथून फक्त नाकाला पदर लावून गेली.

आता तुम्ही म्हणाल, चूक कळली ना, मग दुरुस्त करा. इथेच माझी मान अडकली आहे.

समोर चार वस्त्यांचे लोक बसले आहेत. तुमची घरं तुम्ही न्यायालयात जिंकलात ती कशावर? ‘या नकाशावहीत चूक आढळत नाही’ या एका वाक्यावर. माझे सहकारी मला तळमळून म्हणाले, “मॅडम, एक चूक कबूल केलीत की समोरचा वकील सगळी वही खोटी म्हणेल. एका गल्लीसाठी चार वस्त्यांवरचं छप्पर काढाल.” ते भित्रे नाहीत. ते म्हणतात ते खरं आहे. बोलले तर या चार वस्त्यांना धोका, गप्प राहिले तर ती गल्ली गेली. सहा दिवस मी त्या खोलीत येरझारा घातल्या.

काल भाऊंच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. भाऊ खळीच्या डब्यात ब्रश फिरवत होते. म्हणाले, “मग राहू द्या ताई. चार वस्त्या म्हणजे खूप माणसं झाली.”

आतून वहिनींचा आवाज आला, “राहू द्या काय? तुम्हाला थोर व्हायचंय तर एकटे जाऊन झोपा रानात! मी हलणार नाही. आणि ताई, त्या चार वस्त्यांना विचारलंत का? का त्यांच्या वतीनेही तुम्हीच लिहून टाकणार, तेव्हासारखं?”

वहिनी, मी पुष्कळ ग्रंथ वाचले, पण असं कुणी मला तोंडावर ऐकवलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. आज सकाळी विचारलं. दोन वस्त्या म्हणाल्या, बोला, आम्ही तुमच्याबरोबर आहोत. एक म्हणाली, विचार करतो. चौथी माझ्यावर चिडली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

गल्लीच्या नोटिशीला जोडायला मला सहीसाठी दिलेला दाखला असा आहे: ‘पान एक्केचाळीस मूळ नोंदीबरहुकूम आहे.’ अध्यक्ष साहेब सकाळी हसत म्हणाले, “बाई, साडेपाचपर्यंत तुमची सही चालते. उद्यापासून तुम्ही स्वतःच इतिहास!” साहेब, त्या दाखल्यावर मी सही केलेली नाही. मी दुरुस्तीपत्र लिहिलं आहे: ‘पान एक्केचाळीस. मूळ नोंद मो. रा., म्हणजे मोजणी राहिली. चूक माझी. गल्लीची नव्याने मोजणी व्हावी. इतर पानंही कुणीही मूळ वह्यांशी ताडून पाहावीत.’ त्यावर माझी सही आहे. नियमाप्रमाणे आणखी दोन अधिकाऱ्यांच्या साक्षीच्या सह्या लागतात, आणि त्या माझी सही चालते तोवरच व्हायला हव्यात. नाहीतर उद्या तो कागद रद्दी, आणि पहिला दाखला या माझ्या सहकाऱ्यांच्या टेबलावर.

आता पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. व्यासपीठावर चार अधिकारी आहेत. तुम्हाला असं सगळ्यांसमोर कोंडीत पकडणं सभ्यपणाचं नाही, हे मला कळतं. पण खोलीत विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता.

आपण मला एवढं प्रेम दिलंत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. भाषणाच्या शेवटी वक्ता म्हणतो, काही चुकलं असेल तर उदार मनाने क्षमा करा. मला तसं म्हणता येत नाही. चुकलं आहे, कुठे चुकलं ते सांगितलं आहे, आणि क्षमा करायची की नाही ते दाराशी उभी असलेली दोन माणसं ठरवतील. आपल्याकडे मी फक्त दोन सह्या मागते.

कागद हा इथे, फुलांच्या शेजारी ठेवते. पेन उघडंच आहे.