गुरुवारचा लाल बावटा

…नाही, मी काय म्हणतो, माणसानं आपल्याच गच्चीवर आपल्याच बायकोची ओढणी बांधायची नाही? तसा कायदा आहे काय? चार दिवस झाले, मशिदीत जा, पानपट्टीवर जा, बोर्लीच्या बाजारात कांदे घ्यायला जा, जो तो तोंड दाबून हसतोय! 'काय नजमुद्दीनचाचा, आज कितव्या नंबरचा बावटा?' हसा बाबांनो, हसा! पण तुम्हाला सांगतो, यात माझी चूक नाही. चूक त्या काट्याची. काटा कमी दाखवतो, साहेब, काटा कमी दाखवतो!

कुठला काटा? अहो, तेच तर सांगतोय! माझी मुलगी मंतशा विमान चालवते. विमानात बसते असं नाही म्हटलं, चालवते! मी तीस वर्षं बोटीवर सुकाणू धरलं, ती विमान धरते, म्हणजे घरात चालवणारे दोघं, आणि घर चालवलं कुणी? तर कुबरानं, माझ्या बायकोनं. ती गेली त्याला दीड वर्ष झालं. आता घरात मी आणि पंखा. पंखासुद्धा लाइट असली तर!

तर मागच्या ईदला मंतशा आली होती. दीड दिवस! घावन खाता खाता म्हटलं, बेटा, तुझं विमान किती नॉट काढतं? बोटीचा वेग नॉटमध्ये, विमानाचाही नॉटमध्ये, म्हटलं, चला, बापलेकीला बोलायला काहीतरी मिळालं! तर ती म्हणते, 'कुठला वेग, अब्बा? काट्यावरचा की खरा?' घ्या! कप्तानाला मी असं उत्तर दिलं असतं तर त्यानं मला पुढच्या बंदरात उतरवलं असतं!

'अब्बा, विमानाच्या नाकाशी एक नळी असते. समोरची हवा जेवढ्या जोरात थापड मारते तेवढा काटा चढतो. पण वर हवा विरळ. विमान पळतं जोरात, थापड लागते हलकी, काट्याला वाटतं, हे तर हळूच चाललंय! खाली काटा दोनशे नव्वद म्हणाला तर वेगही साधारण तेवढाच. पंचवीस हजार फुटांवर काटा तेच दोनशे नव्वद म्हणतो आणि आम्ही चारशेच्या वर असतो.'

म्हटलं, म्हणजे खोटं बोलतो!

'खोटं नाही, अब्बा. कमी दाखवतो. जितकं उंच जाल तितकं कमी. खरं काय ते गणित करून काढायचं.'

आणि निघताना काय म्हणाली? 'कोचीहून मुंबईला येताना दर गुरुवारी अकरा वाजता मी आपल्या घरावरून जाते.' घरावरून! ऐकलंत ना? घरी नाही… घरावरून!

झालं! गुरुवार आला की मी गच्चीवर. पहिल्या गुरुवारी हात हलवला. दुसऱ्या गुरुवारी टोपी. फोनवर म्हटलं, जरा खाली येऊन हळू जात जा की गं! तर म्हणते, 'अब्बा, फार हळू केलं की पंखांना हवा धरत नाही, विमान पडतं.' म्हटलं, नको माझी बाय, पळ तू!

आता तुम्ही म्हणाल, सरळ 'घरी ये' म्हणावं ना? कुठल्या तोंडानं म्हणू? तीस वर्षं कुबराला मीच सांगत होतो, पुढच्या साली येतो, पुढच्या साली येतो. तिनं कधी 'या' म्हटलं नाही. परदेशातल्या बंदरातून फोन करायचो, कशी आहेस? 'बरं आहे.' मी खूश! बरं आहे म्हणजे बरंच असणार! मला काय ठाऊक हो… काटा कमी दाखवतो ते!

तर गेल्या गुरुवारी, हात दिसत नाही, टोपी दिसत नाही, म्हणून कुबराची निकाहातली लाल ओढणी काढली, लांब बांबूला बांधली आणि गच्चीवर उभी केली. अकरा वाजता विमान आलं, चकाकलं आणि गेलं. मी मान वर करून उभा, आणि खाली बंदरात हा गलका! बघतो तर अकरा होड्या परत! वादळाचा लाल बावटा दिसला ना त्यांना! होडीवाला रघू धावत वर आला, 'चाचा, मोबाइलवर हवा चांगली दाखवतंय, वादळ किती वाजता हाय?' अरे, मग मोबाइलचं ऐकायचं ना! तर म्हणतो, 'तुम्ही तीस वर्षं बोटीवर! मोबाइलला काय कळतंय?' त्याची आई चंद्राबाई मासळीची रिकामी पाटी घेऊन जिन्यात उभी, 'आता बाजारात काय इकू? तुजी वढनी?'

बघा म्हणजे… एका मुलीला बोलवायला बावटा लावला, आख्खं बंदर घरी आलं. तेवढी ती सोडून!

कुणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत तिच्यापर्यंत. संध्याकाळी फोन. 'अब्बा, गच्चीवर लाल लाल काय होतं?' आता बोलायचं होतं की नाही? हीच वेळ! तोंड उघडलं आणि म्हणालो, 'ओढणी. वाळत घातली होती.'

'एवढ्या उंच?'

'उंचावर वारा असतो.'

'अब्बा… उंचावर हवा विरळ असते.'

मग विचारते, 'तुम्ही कसे आहात?'

म्हटलं, 'बरं आहे.'

आता गणित तिला येतं. काटा कमी दाखवतो हे मला तिनंच शिकवलं. करील, नाही तर नाही करील… आपण काय करणार? रघूला सांगून ठेवलंय, गुरुवारी लाल दिसलं तर परत फिरू नका, चाचा ओढणी वाळत घालतोय.

कोरडीच!