अ‍ॅम्बॅसिडरचा हँडब्रेक

नेकनूरला एसटीची वाट बघून थकलेल्या वनमालाबाईंच्या कानावर शेजारच्या गॅरेजातलं बोलणं पडत होतं.

“बबनकाका, गाडीला खालून मजबुतीची पट्टी मारलीय. तिच्यावरच घासून हँडब्रेकची केबल तुटती.”

“मग काप पट्टी, अंगद.”

“कापली तर गाडी खाली बसंल. केबलच पट्टीला वळसा घालून न्यावी लागंल.”

“ने बाबा. वैताग आला.”

“इतके दिवस गाडी उभी कशी करत होते तुमी?”

“तुझी सुभद्राकाकू उतरून चाकाखाली दगड लावायची. आता तिचे गुडघे गेले.”

हँडब्रेक बसला. बबनकाकांनी गाडी गॅरेजबाहेर काढून थांबवली. मागच्या सीटवरून सुभद्राबाई कण्हत उतरल्या आणि त्यांनी चाकाखाली दगड सरकवला.

“काकू, आता दगड कावून?”

“ब्रेक तू बसवला रे. वढायचा ह्यांनीच ना?”