राजपुत्राच्या नाकावरचं कुंकू

काशीराम : इकडे ये गो वेदिके, अशी जवळ बस. ते प्लास्टिकचं खोकं ठेव खाली आणि कान इकडे दे. आख्यान सांगतो, अगदी चवीनं.

वेदिका : थोडक्यात सांगा, काका. तो दुबईचा गिऱ्हाईक थांबलाय. मुखपृष्ठावरचा लाल डाग कसला, एवढंच विचारतोय. बुरशी असेल तर नको म्हणाला. अयूबचाचांच्या नातीची, निदाची, नर्सिंगची फी खोक्यातल्या या जुन्या चित्रकथेच्या विक्रीवर अडकलीय, विसरलात?

काशीराम : विसरतो कसा? म्हणून तर पूर्वरंगापासून सुरू करतो. पण आधी सांग, जुन्या चित्रकथा तपासून गुण देणाऱ्या अमेरिकेतल्या त्या परीक्षकांनी हिला दहापैकी किती दिले?

वेदिका : साडेतीन.

काशीराम : माझ्या गणिताच्या मास्तरांचे कोण लागतात ते?

वेदिका : त्यांनी पान न् पान तपासलं. कोपरे, घड्या, पिना, सगळं झकास. डागानं गुण खाल्ले. ही चिठ्ठी बघा, ‘मुखपृष्ठावर परका पदार्थ’.

काशीराम : कुंकवाला परका पदार्थ म्हणतात! बरं, उघड खोकं. मुखपृष्ठावरच्या राजपुत्राला नीट बघू दे.

वेदिका : उघडायचं नाही. परीक्षकांचं सील तोडलं की गुण गेले.

काशीराम : म्हणजे गाभाऱ्यात बसवलानी त्याला. वाचन बंद, दर्शन चालू.

वेदिका : काका, डाग.

काशीराम : तर, चाचणीत मी गणितात गटांगळी खाल्ली आणि त्याच दिवशी तुझ्या आजोबांच्या हाती ही चित्रकथा लागली. मी आणि अयूबनं अर्धी अर्धी वर्गणी घालून घेतलेली. आजोबा म्हणाले, ‘परवा हिच्यावर आंघोळीचं पाणी तापेल.’ नेऊन टाकली परसात, बंबाजवळच्या नारळाच्या सोडणांवर.

वेदिका : आणि उद्या दसरा.

काशीराम : कीर्तन तू करतेस की मी? हो, दसरा. पाटावर सरस्वती मांडलेली, पोथ्या, माझं गणिताचं पुस्तक. आईनं अयूबला खिरीला बोलावलेलं. तो आला परसातून, सदऱ्यात चित्रकथा लपवून. कुणाचं लक्ष नाही बघून ठेवलीन पोथीवर. आजोबा डोळे मिटून मंत्र म्हणतायत, कुंकू वाहतायत. डोळे उघडले तर राजपुत्राच्या नाकावर कुंकू.

वेदिका : खवळले असतील.

काशीराम : खवळून करतात काय? स्वतःच्या हातानं पुजलेलं पुस्तक बंबात घालायचं? अयूबकडे बघितलं, तर तो मान खाली घालून खीर ओरपतोय.

वेदिका : पण एका बोटाचा डाग एवढा मोठा?

काशीराम : पुढे दर दसऱ्याला मी लावत आलो ना. एकदा पूजेत बसलेल्याला उठवायचं कसं?

वेदिका : म्हणजे गुण आजोबांनी नाही, तुम्ही घालवलेत.

काशीराम : तसंच लिही त्याला. नापास व्हायची सवय आहे मला.

वेदिका : त्या परीक्षकांच्या नोंदीत मात्र ही एकच प्रत आहे. दुसरी आजवर कुणी पाठवलीच नाही.

काशीराम : पाठवणार कुठून? बाकीच्या घरांत बंब होते, अयूब नव्हता.

वेदिका : थांबा, हे वाक्य पण घालते.

(वेदिका फोनवर लिहीत राहते. काशीराम खोक्यावरची धूळ पंच्यानं पुसतो. धूळ मुळी नसतेच.)

वेदिका : आलं उत्तर. घेतो म्हणतोय. साडेतीनवाल्याला एवढा भाव एरवी देत नाही म्हणे. पण दुसरी प्रत मिळायची नाही, आणि डाग कसा पडला तेही आता त्याला कळलंय.

काशीराम : निदाला फोन लाव आधी.

वेदिका : लावते. तो अजून एक विचारतोय. त्याच्या संग्रहात प्रतीला मूळ मालकाचं नाव देतात. तुमचं पूर्ण नाव काय लिहू?

काशीराम : माझं कशाला? मी नुसता नापास झालो. अयूबचं लिही. आज असता तर साडेतीन ऐकून पोट धरून हसला असता. आणि वेदिके, दसऱ्याला तिकडे ठाण्याला तुझ्या घरी पुस्तकं मांडशील ना, तेव्हा कुंकू वाहताना त्याची आठवण काढ हो.