धाकटी जरा रडतेय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे महाव्यवस्थापक, व्यासपीठावर विराजमान निवृत्त न्यायाधीश महोदय, ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं आटोपून इथे जमलो ते, आज सेवेतून निवृत्त होणारे दावे विभागाचे प्रमुख, म्हणजे आपले साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, मालवाहतूकदार संघटनेचे पदाधिकारी, माझे सर्व्हेअर बंधू, टंकलेखन विभागातल्या भगिनी, आणि मागच्या दाराशी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आपल्या कँटीनच्या ताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषयही त्यांनीच दिला आहे: साहेबांनी आम्हाला सागरी विम्याचा कायदा कसा शिकवला. विषय कोरडा आहे, पण शिकवणारा कोरडा नव्हता. दर शनिवारी जेवणानंतर साहेब आम्हा नव्या लोकांना आपल्या खोलीत बोलवायचे, पंखा बंद करायचे, कारण पंख्याखाली आम्हाला डुलक्या लागायच्या, आणि पुस्तक न उघडता शिकवायचे.

पहिल्याच शनिवारची गोष्ट सांगतो. एक गृहस्थ शेजाऱ्याच्या बोटीचा विमा उतरवायला आले होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "ती बोट बुडाली तर तुमचं काय जातं?" गृहस्थ म्हणाले, "माझं काय जाणार?" साहेब म्हणाले, "मग पाणी प्या आणि घरी जा." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "याला म्हणतात विमायोग्य हितसंबंध. ज्याचं काही बुडत नाही, त्याला विमा नाही." तुम्ही हसताय. आम्हीही हसलो होतो. आजवर मला त्याची दुसरी व्याख्या लागली नाही.

दुसरं तत्त्व परम सद्भावाचं. बाजारात भाजी घेताना विकणाऱ्याने किडकी वांगी दाखवलीच पाहिजेत असं नाही. आपले डोळे आपण उघडे ठेवायचे. विम्याच्या करारात तसं चालत नाही. जे माहीत आहे ते सांगायचं, न विचारता सांगायचं. आणि साहेब टेबलावर बोट आपटून म्हणायचे, "हे दोन्ही बाजूंना लागू आहे बरं का. त्यांनाही, आपल्यालाही."

तिसरं, निकट कारण. बोट बुडाली तर खरोखर कशाने बुडाली ते शोधायचं. त्या दिवशी बोटीत आणखी काय काय बिघडलं होतं, त्याची जंत्री करायची नाही. मरणाऱ्याला सर्दीही झालेली असते, म्हणून तो सर्दीने मेला असं लिहीत नाहीत. हेही वाक्य साहेबांचंच.

आता माझ्या आधी बोललेल्या कर्मचारी विभागाच्या प्रमुखांनी साहेबांच्या मोठ्या मनाचा दाखला दिला. चौदा वर्षांपूर्वी एका बोटवाल्याच्या विधवेला त्यांनी कसं कँटीनमध्ये लावून घेतलं, ते त्यांनी इतकं सुंदर सांगितलं की वहिनींनी डोळे पुसले. त्या विधवा म्हणजे या ताई. दाखला अर्धा होता. त्या दाव्यात नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर मी होतो, तेव्हा उरलेला अर्धा सांगणं माझ्याकडे येतं.

ताईंच्या यजमानांची एक लाकडी मालवाहू बोट होती. विटा, फरशा, कधी लाकूडफाटा असा किनाऱ्याकिनाऱ्याने माल न्यायचे. स्वतः मालक, स्वतःच कप्तान, आणि मदतीला ताईंचा सख्खा भाऊ. बोटीला ते धाकटी म्हणायचे. कोणी मुलंबाळं विचारली की सांगायचे, दोन मुली, थोरली शाळेत जाते, धाकटी पाण्यात असते. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, भर उजेडात, बंदरापासून तासाभरावर धाकटी बुडाली. भाऊ हाताचं हाड मोडून घेऊन वाचला. यजमान तिसऱ्या दिवशी सापडले.

मी आधी रुग्णालयात भावाला भेटलो. तो म्हणाला, "पुढून दणका बसला साहेब. भिंतीवर आपटावं तसा. दाजी म्हणाले, ओंडका आहे रे, आणि तेवढ्यात पाणी आत आलं." मग मी बोट बघितली. तिचा पुढचा भाग ओढून काठावर आणला होता. फळ्या बाहेरून आत मोडल्या होत्या. भोकात माझा हात कोपरापर्यंत जात होता आणि फटीत भलत्याच झाडाची साल अडकली होती. आदल्या दिवशी एका जहाजावरून लाकडाचे ओंडके सुटले होते, जपून जा, अशी बंदर कचेरीची सूचनाही होती, पण ती फळ्यावर लागली बोट बुडाल्यावर, दुपारी. म्हणजे कारण काय? इथल्या कोणत्याही शिकाऊ मुलीने सांगावं, ओंडका.

मग मी ताईंच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रावर इंजिनाचे सुटे भाग तसेच मांडलेले होते. उचलायचं कोणाला सुचलं नव्हतं. थोरली कोपऱ्यात पाटीपुस्तक घेऊन बसली होती. मी रीतसर प्रश्न विचारले, ताईंनी रीतसर उत्तरं दिली. मग मी वही मिटली. ही साहेबांची शिकवण होती. "वही मिटली की माणूस बोलायला लागतं," असं ते म्हणायचे. मी म्हटलं, "झालं ताई, लिहायचं संपलं. आता सहज बसतो." त्यांनी चहा केला. आणि चहा देताना म्हणाल्या, "निघताना हसत होते. म्हणाले, धाकटी जरा रडतेय, आल्यावर बघतो."

रडतेय म्हणजे काय? बोटीच्या मागे, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो, तिथून थेंब थेंब पाणी येत होतं. लाकडी बोटींत दहांतल्या आठ बोटींना येतं. डबाभर पाणी उपसलं की संपलं. मी चहा संपवला, जिना उतरलो आणि खाली उभा राहून ते वाक्य वहीत लिहिलं.

माझा अहवाल तीन पानांचा होता. तिसऱ्या पानावर ओंडका, साल आणि मोडलेल्या फळ्या. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "वाक्य छान आणलंस रे."

मी विचारलं, "कुठलं?"

"रडतेय. म्हणजे बोट धड नव्हती आणि मालकाला ठाऊक होतं. तरी सोडली. आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, "पण साहेब, वर्षाच्या मुदतीचा विमा आहे, एका फेरीचा नाही. नुसतं ठाऊक असून भागत नाही. त्याच गळतीने बुडाली असं दिसायला हवं. ही तर धडकेने बुडाली. बाईचा भाऊ सांगतोय."

"भाऊ नातेवाईक आहे, तो त्यांच्या बाजूने सांगणारच."

"बाईसुद्धा नातेवाईकच आहे."

"ती आपल्या बाजूने बोलली," साहेब म्हणाले. "तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही." आणि मग अगदी मायेने, "तिसरं पान कशाला हवंय तुला? दोन पानांत आटोपशीर होतं. बढतीची यादी पुढच्या आठवड्यात जातेय, तुझं नाव आहे तिच्यात."

साहेब, पाणी घ्या. मी काही वाढवून सांगत नाही. त्यांनी ते पान फाडलं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. ते मी फाडलं. माझ्या हाताने, त्यांच्या टेबलाशी उभा राहून, चार तुकडे केले आणि त्यांनी टोपली पायाने माझ्याकडे सरकवली. दोन पानांचा अहवाल मी त्याच दुपारी टंकला आणि त्यावर सही केली. बोटीचा पुढचा भाग महिन्याभरात कोणीतरी सरपणाला नेला.

कंपनीचं पत्र गेलं: नौका प्रवासास योग्य नसल्याची विमाधारकास पूर्ण जाणीव होती, सबब दावा नामंजूर. जाणीव होती हे कंपनीला कोणी सांगितलं, ते पत्रात नव्हतं. ताईंनी आपल्या मनाशी हिशेब जुळवला. बोटीवर दोघंच होते. एक गेला. मग बोलला असेल तर दुसराच. त्यांनी भावाला दारातून परत पाठवलं. तो शपथा घेत राहिला, प्लास्टरमधला हात घेऊन जिन्यात बसून राहिला. त्यांनी दार उघडलं नाही. तो दुसऱ्या बंदरात मजुरीला गेला. दोन वर्षांपूर्वी तिथेच वारला. निरोप आला तेव्हा ताई कँटीनमध्ये आपल्यासाठी कांदा चिरत होत्या. त्या गेल्या नाहीत. त्या दिवशी आपल्याला जेवण वेळेवर मिळालं होतं.

आणि नोकरीचं म्हणाल, तर ताई तेव्हा रोज येऊन आपल्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायच्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसत्या बसायच्या. येणारे-जाणारे विचारायला लागले. तीन आठवड्यांनी साहेबांनी त्यांना आत बोलावून नोकरी दिली. नेमणुकीच्या कागदाखाली आणखी एक कागद होता, त्यावर लिहिलेलं: दाव्याबद्दल माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही. ताईंनी दोन्हींवर सही केली आणि साहेबांच्या पाया पडल्या. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

मी चौदा वर्षं त्यांच्या हातचा चहा घेतोय. त्यांना कधी सांगितलं नाही. काल संध्याकाळी भांडी घासत होत्या, तेव्हा सांगितलं. त्यांनी नळ बंद केला आणि विचारलं, "म्हणजे तो नव्हता?"

मी म्हटलं, "नाही."

"मीच?"

मी म्हटलं, "तुम्ही मला सांगितलंत. लिहिलं मी."

त्यांनी घासलेली भांडी ओट्यावर पालथी घातली. मग हात पुसून म्हणाल्या, "हे कुठे बोलू नका. थोरलीला इथेच टंकलेखनाला घेतलंय, अजून कायम व्हायचीय. तिची फाईल वर गेलीय. तुमच्या पाया पडते." मी हो म्हटलं. आणि आज इथे उभा राहून बोलतोय. त्यांनी दुसऱ्यांदा मला विश्वासाने काही सांगितलं आणि दुसऱ्यांदा मी ते नेऊन चव्हाट्यावर मांडलं. का? भाषणात कोणीतरी साहेबांना देवमाणूस म्हणालं आणि मला ते सोसलं नाही म्हणून. त्यात ताईंचं भलं कितपत आणि माझ्या जिवाला हलकं करणं कितपत, हे न्यायाधीश महोदयांनी ठरवावं.

दाव्याची मुदत कधीच संपली आहे. कागदावर सही आहे. पुरावा म्हणून आता फक्त मी आहे. अध्यक्षमहोदय, कंपनीने मनावर घेतलं तर माझी साक्ष लिहून घ्यावी, एवढंच मला...

काय म्हणालात, ताई? थांबा, त्यांना बोलू द्या. कोणी अडवू नका त्यांना.

पुढच्या रांगांना ऐकू आलं नसेल, म्हणून मी ध्वनिक्षेपकावरून पुन्हा सांगतो. ताई म्हणतात की हे गृहस्थ घरी आले होते, पण त्यांना मी असलं काही सांगितलं नाही. काल संध्याकाळीही आमचं काही बोलणं झालं नाही. साहेब मला वडिलांच्या जागी आहेत.

आणि काय, ताई? जरा मोठ्याने.

ताई म्हणतात, तेव्हा कोणी काही बोललं असेल, तर तो माझा भाऊ.

आपण टाळ्या वाजवल्यात. वाजवायलाच हव्यात. साहेब, तुम्हीही वाजवल्यात, मी पाहिलं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या थोरलीकडे कृपा करून कोणी वळून बघू नये. अध्यक्षमहोदय, तिची फाईल आपल्या टेबलावर आहे. तिच्या आईने एवढ्या माणसांसमोर मला खोटं पाडलं आहे आणि कंपनीची बाजू घेतली आहे. तेव्हा सही करायला आता आपल्याला अडचण नसावी. उद्या सकाळी ती झालेली असेल, असं मी धरून चालतो. माझ्या साक्षीचा आग्रह मी सोडतो.

अध्यक्षांनी मला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलू दिलं, त्यांचा मी आभारी आहे. वहिनी, तुमच्या आनंदाच्या दिवशी तुम्हाला हे ऐकावं लागलं. तुमचा यात काही दोष नाही. साहेबांना पुढच्या आयुष्यात उत्तम प्रकृती लाभो आणि स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत राहो. बोलताना माझ्याकडून काही उणं-अधिक झालं असेल, तर या सभागृहाने ते पोटात घालावं. ताईंकडे तेवढंही मागायचा मला हक्क राहिलेला नाही.

दाराजवळच्या मंडळींनी जरा सरकून वाट द्यावी, ताईंना बाहेर जायचं आहे. नमस्कार.