खिडकीजवळची खाट

रुग्णालयाची लिफ्ट येता येत नव्हती. माझ्यापुढे पांढऱ्या कोटातल्या दोन विद्यार्थिनी दबक्या आवाजात बोलत होत्या.

“सरांनी शिफारसपत्र दिलं?”

“मलाच लिहून आणायला सांगितलं होतं. आत्ता राउंडला सही केली.”

“म्हणजे आपली पाठ आपणच थोपटायची. काय लिहिलंस?”

“चूक दिसली की ही मुलगी निर्भयपणे बोलते.”

“मग तोंड का उतरलंय?”

“खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांना सरांनी नवं इंजेक्शन लिहून दिलं. मागे त्याच औषधाने त्यांचा श्वास कोंडला होता. कालच त्यांनी मला सांगितलं.”

“आणि तू गप्प राहिलीस?”

“सरांचं पेन माझ्या पत्रावर टेकलं होतं गं.”

“आता जाऊन सांग.”

“सगळ्यांसमोर चूक काढली तर पत्र परत घेतील. मग पुढचा प्रवेश विसरायचा.”

“आणि इंजेक्शन दिलं तर?”

तिने हातातल्या पत्राची घडी घातली.

“ती खाट माझ्या वडिलांची आहे,” मी म्हणालो. “मी पाणी आणायला खाली उतरलो, तेव्हा सिस्टर इंजेक्शन भरत होत्या.”

पत्र तिथेच जमिनीवर पडलं. जिन्यावर ती माझ्या पुढे धावत होती.