अर्धापूरचं काम

मंजुश्री : तू त्यांना फोन केला होतास की नाही, एवढंच सांग.

तनुजा : आधी चहा तर येऊ दे.

मंजुश्री : लातूर सोडल्यापासून तू खिडकीबाहेर बघत बसलीस. आता अहमदपूरच्या हॉटेलात येऊन बसलो. किशनराव मोंढ्याच्या बाजारातलं काम आटपून पाच मिनिटांत इथं येतील. त्यांच्या तोंडून मला कळायला नको.

तनुजा : केला होता. सोमवारी.

मंजुश्री : काय म्हणालीस?

तनुजा : म्हणलं, काका, मी अर्धापूरच्या बालाजीची पोरगी, तनुजा. तुमच्या केळीच्या वेफर्सची जाहिरात ज्या एजन्सीला देऊन राहिले, तिथलं सगळं काम मीच करते. मंजुश्री नुसती बोलते. काम सरळ मलाच द्या, मधात कुणी नको.

मंजुश्री : नुसती बोलते.

तनुजा : हाव. असंच म्हणले.

मंजुश्री : चार वर्षांपासून पार्टनर आहे मी तुझी. माझ्या अप्पांच्या कापडदुकानाच्या माळ्यावर सुरू केलं आपण दोघींनी.

तनुजा : त्या माळ्यावर अजून मी बसते. तू कुठं बसतीस?

मंजुश्री : मी बसत नाही, मी फिरते. दर गुरुवारी सकाळी सातला हॉटेलात जाऊन पन्नास धंदेवाल्यांना नमस्कार घालते. लग्नाला गेले तरी अक्षता पडायच्या आधी चार ओळखी करून घेते. नांदेडचा दातांचा दवाखाना, उदगीरचा पेढेवाला, हे काय आपोआप आले?

तनुजा : पेढेवाल्याचं नाव काढू नको.

मंजुश्री : का?

तनुजा : त्याची रील कुणी केली? दोन दिवस भट्टीपुढं उभी होते मी, खवा आटेपर्यंत. डोळे सुजले. तीन लाख लोकांनी बघितली. अन् त्या रीलचा सत्कार झाला तवा शाल कुणाच्या खांद्यावर? ग्रुपवर फोटो आला तवा मी तो मोठा करकरून बघितला. तू मधात, हातात ट्रॉफी. मला वाटलं, मागच्या बॅनरवर तरी कुठं माझं नाव असंल.

मंजुश्री : तेव्हाच का नाही बोललीस?

तनुजा : काय बोलू? तुझ्यावर जळते म्हणू? तुझे स्टेटस म्यूट केलेत मी. तरी रोज जाऊन बघते, आज कुणासंग फोटो हाय, साडी कोणती हाय. लाज वाटती, पण बघते.

मंजुश्री : मी तुला गुरुवारच्या मीटिंगला चल म्हणत नव्हते का?

तनुजा : आले होते की एकदा. उभं राहून मिनिटभर बोलायचं होतं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, अन् पुढचं सगळं विसरले. तू उठून हसत हसत उरलेलं बोललीस. लोकबी हसले. तवापासून तुझं हसणं सोसत न्हाई मला.

मंजुश्री : मी सांभाळून घेतलं तुला, तनू.

तनुजा : माहीत हाय. त्याचाच राग हाय.

मंजुश्री : पण किशनरावच का? एवढी गिऱ्हाइकं होती.

तनुजा : ते माझ्या गावचे हायत. त्यांच्या बागेतून शाळेला गेले मी. अन् नांदेडच्या मेळाव्यात दहा मिनिटं भेटून तू त्यांचं काम आणलंस. दुसरं कुणाचंबी आणलं असतंस तर गिळलं असतं मी. तू माझं गावच नेलंस.

(किशनराव टोपी काढत आत येतात. दोघी उभ्या राहतात.)

किशनराव : बसा, बसा. तनू, लई वाळलीस गं. बालाजी बरा हाय का?

तनुजा : बरे हायत, काका.

किशनराव : मंजुश्रीबाई, तुम्हाला इथवर बोलावलं, कारण असलं बोलणं फोनवर बरं दिसत न्हाई. मेळाव्यात तुम्ही भेटला, समजावून सांगितलं, मोबाइलवर काम दाखवलं. माझ्या सुनेलाबी पसंत पडलं. मी हो म्हणालो. अन् मग सोमवारी हिचा फोन.

मंजुश्री : तिनं सांगितलं ते खरं आहे, काका. काम तीच करते.

किशनराव : मग मला का न्हाई सांगितलं? मी इचारलं होतं तुम्हाला, हे बनवतं कोण. तुम्ही म्हणालात, आमची टीम.

मंजुश्री : हो. म्हणाले.

किशनराव : ती टीम माझ्या बांधाशेजारची पोरगी निघाली. नाव घेतलं असतं तर किती बरं वाटलं असतं मला. अन् तनू, तुलाबी सांगतो. भागीदारणीच्या माघारी फोन केलास तू. उद्या माझ्या माघारी कुणाला करशील, मला काय माहीत? म्हणून काल ते काम दुसऱ्याला देऊन टाकलं. नांदेडचेच लोक हायत.

तनुजा : काका, चूक माझी हाय. त्यासाठी हिचं काम काढू नका.

किशनराव : शब्द गेला बाई आता. राग धरू नका. येतो मी, गाडी खोळंबलीय. बालाजीला म्हणावं, बागेकडं चक्कर मार एकदा.

तनुजा : सांगते.

(किशनराव निघून जातात.)

मंजुश्री : गेले?

तनुजा : गेले. तू शिव्या दे मला.

मंजुश्री : कोणत्या तोंडानं देऊ? ऐकलंस ना, आमची टीम.

तनुजा : बोलण्याच्या भरात म्हणून गेली असशील.

मंजुश्री : नाही. चार वर्षांत मी कुठंच तुझं नाव घेतलं नाही. ठरवून. त्या पेढेवाल्यानं विचारलं होतं मला, रील करणाऱ्या ताईंचा नंबर द्या, त्यांच्याशी बोलायचंय. मी दिला नाही.

तनुजा : का?

मंजुश्री : त्यांना तू सापडलीस की माझं काय काम उरलं? मला साधा फोटो नीट काढता येत नाही. तू त्या कढईत काय बघतेस, मला कळत नाही. तुझ्या मागं उभी राहून बघितलंय मी कितीदा. तुला कधी सांगितलं नाही.

तनुजा : तू माझ्यावर जळतीस?

मंजुश्री : पहिल्या रीलपासून.

तनुजा : अन् मला वाटायचं, हिला कशाचंच काही वाटत न्हाई. चहा पी, गार होऊन राहिला.

मंजुश्री : नको वाटतोय.

तनुजा : एक विचारू? शाल घातली तवा कसं वाटलं?

मंजुश्री : खरं सांगू? छान वाटलं. तुझी आठवण आली, पण छान वाटलं.

तनुजा : हं. तेवढंच पाहिजे होतं मला.

मंजुश्री : उद्या उमरीला डाळमिलवाल्या निवृत्तीरावांना भेटायचंय. तू चल. तू बोल.

तनुजा : मला बोलता येत न्हाई, तुला माहीत हाय.

मंजुश्री : आत्ता माझ्याशी बोललीस तसं बोल. मी मधे पडणार नाही. तू अडलीस तरी गप्प बसेन.

तनुजा : अन् माझं बोलणं पटलं त्यांना तर?

मंजुश्री : तर मला त्रास होईल. आत्ताच सांगून ठेवते.

तनुजा : होऊ दे. पण तो त्रास घरी नेऊ नको, तिथंच सांग मला. मी चार वर्षं एकटीच जळत बसले.